क्षयाची जिवंत लस: लील, चेंगलपट्टू, पुणे आणि परभणी

क्षयरोगाविरुद्ध सार्वत्रिक वापरात येऊन टिकलेली लस एकच आहे, बीसीजी, आणि ती जिवंत जंतूंची आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेड, जिंतूर, पूर्णा अशा कोणत्याही तालुक्याच्या शासकीय दवाखान्यात बाळंतपण झाले, की आई-बाळाला घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या डाव्या दंडावर कातडीच्या थरातच बारीक सुई आडवी घालून ती टोचतात. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्रा ०.०५ मिलिलिटर. कातडी फुगून पांढुरका फोड दिसतो आणि थोड्याच वेळात जिरतो. काही आठवड्यांनी त्या जागी गाठ येते, ती पिकते, फुटते, खपली धरते आणि कायमचा वण राहतो. आया घाबरतात; नर्सबाई सांगतात की पिकू द्या, वर काही लावू नका. लसीतले जंतू जिवंत होते म्हणूनच ही जागा पिकते. लस ज्या कुपीत येते ती गडद काचेची असते, कारण उजेडाने जंतू मरतात. कोरड्या भुकटीत मिठाचे निर्जंतुक पाणी घातल्यानंतर चार तासांत ती वापरावी लागते; उरलेली फेकून द्यायची. मेलेल्या जंतूंच्या लसींना एवढे लाड लागत नाहीत.

क्षयाच्या जंतूला दुबळे करून त्याचीच लस बनवण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. या इतिहासात लस तयार करण्याचा भाग तुलनेने लहान आहे. ती खरोखर रोग अडवते का, हे ठरवण्यात पिढ्या गेल्या. ते ठरवण्याचे काम प्रयोगशाळेत फारसे झालेही नाही. ते परभणीसारख्या जिल्ह्यांतल्या गावांत, घरोघरी फिरून, खोकणाऱ्यांचा बेडका तपासून करावे लागले.

बीसीजीचा उगम गाईत आहे. फ्रेंच पशुवैद्य नोकार याने क्षयाने कास सुजलेल्या एका गाईपासून गोवंशीय क्षयजंतू वेगळा केला होता. तोच वाण लील शहरातल्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांच्या हाती आला. काल्मेत डॉक्टर, गेरँ पशुवैद्य. १९०८ साली त्यांनी तो ग्लिसरीन आणि बैलाचे पित्त घातलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. जंतूंच्या गुठळ्या होऊ नयेत एवढाच पित्ताचा उद्देश होता; पण दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर बदलत गेल्यावर जंतूची मारकशक्ती कमी होत चालल्याचे त्यांच्या ध्यानात आले. मग ते थांबलेच नाहीत. पहिल्या महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, बटाटे महागले, पित्त मिळेना आणि शेवटी ते जर्मन पशुवैद्यांकडून मिळवावे लागले. तरी पालट चालूच राहिले. तेरा वर्षांत २३० पालट झाले. १९२१ च्या जुलैत पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस प्रथम पाजण्यात आली. बाळाची आई बाळंतपणानंतर क्षयाने गेली होती. लस तेव्हा टोचत नसत, तोंडाने देत. काल्मेत आणि गेरँ यांच्या नावांवरूनच तिला बॅसिलस काल्मेत-गेरँ, म्हणजे बीसीजी म्हणतात.

जंतू नेमका का दुबळा झाला हे दोघांनाही माहीत नव्हते आणि पुढची पंच्याहत्तर वर्षे ते कोणालाच कळले नाही. जिवंत लसीची पहिली अडचण इथेच आहे: जो जंतू आपोआप सौम्य झाला तो पुन्हा उग्र होणार नाही याची हमी कशावरून द्यायची?

ही शंका १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात भीषण रूपात समोर आली. तिथे सुमारे २५० बाळांना लस पाजली गेली आणि त्यांतली ७२ बाळे क्षयाने दगावली. पॅरिसहून आलेला वाण निर्दोष होता. स्थानिक प्रयोगशाळेत त्याच जागी मानवी क्षयाचा एक जहाल वाणही ठेवलेला होता आणि तो लसीत मिसळला होता. १९३२ मध्ये या प्रकरणी दोन डॉक्टरांना शिक्षा झाली. मुंबईच्या वाचकाला यावरून दुसरे एक प्रकरण आठवेल. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने मेली. ती लस मेलेल्या जंतूंची होती. दोष बाटलीत बाहेरून शिरलेल्या जंतूंचा होता. ती लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला पाच वर्षे लागली आणि १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. दोन्ही प्रकरणांत लसीचा अपराध नव्हता. तरी बीसीजीवर पडलेले सावट अनेक देशांत दुसऱ्या महायुद्धापर्यंत हटले नाही. त्यातून एक चांगले झाले: लसीचा वाण आणि रोगाचा वाण एका छताखाली ठेवायचा नाही, हा दंडक पडला.

दुसरी अडचण सावकाश उघड झाली. १९२० च्या दशकात पॅरिसहून वाण देशोदेशी गेले आणि प्रत्येक ठिकाणी पालट होत राहिले. तीस-चाळीस वर्षांत डॅनिश, रशियन, जपानी, ब्राझिली अशा वेगवेगळ्या बीसीजी तयार झाल्या. नाव एक असले तरी जनुके थोडीथोडी निराळी होती. पुढे वाण गोठवून वाळवून साठवायचे ठरले, तेव्हा हे भटकणे थांबले. भारतात चेन्नईच्या गिंडी भागातली सरकारी बीसीजी प्रयोगशाळा डॅनिश १३३१ हा वाण वापरत आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजी मॉस्कोच्या वाणाची आहे. २००८ च्या आरंभी गिंडीसह तीन सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने उत्पादनाच्या दर्जाच्या निकषांवरून स्थगित झाले आणि २०१० मध्ये पूर्ववत झाले. त्या मधल्या काळात देशाची भिस्त खाजगी उत्पादकांवर होती. बीसीजी म्हणजे एकच एक लस नव्हे, हे यावरून दिसते.

बीसीजीला त्या काळी एक जिवंत प्रतिस्पर्धीही होती. इंग्लंडमध्ये वेल्स या संशोधकाला १९३७ च्या सुमारास शेतातल्या रानउंदरांसारख्या व्होल या प्राण्यात क्षयाचा आणखी एक जंतू सापडला. माणसाला तो सहसा बाधत नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत शाळा सोडण्याच्या वयाची चोपन्न हजार मुले होती. त्यात या व्होल लसीने बीसीजीइतकेच, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के संरक्षण दिले. पण त्वचेवर त्रास जास्त झाल्याने ती मागे पडली आणि विसरली गेली.

भारतात बीसीजीची सुरुवात १९४८ च्या ऑगस्टमध्ये मदनपल्लीच्या क्षय आरोग्यधामाच्या परिसरात झाली. त्यामागे युनिसेफ आणि स्कँडिनेव्हियन संस्थांची आंतरराष्ट्रीय क्षयमोहीम होती. त्या महिन्यात परभणी जिल्हा भारतीय संघराज्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. पोलीस कारवाई त्यानंतरच्या सप्टेंबरात झाली. १९५१ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा परभणीचे प्रशासन हैदराबादहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. लसीकरणासारख्या सलग चालणाऱ्या कामाला बारा वर्षांत तीन राजवटी बदलणे सोपे नसते. दप्तरे बदलतात, अहवालांची भाषा बदलते, मंजुरीची जागा बदलते. मराठवाड्यातल्या आरोग्यसेवेच्या मागासलेपणाबद्दल जे बोलले जाते त्यात या तुटलेपणाचाही वाटा धरायला हवा.

त्या मोहिमेची पद्धत आजच्या लसीकरणाहून फार वेगळी होती. पथक गावात आले की आधी प्रत्येकाच्या हातावर ट्युबरक्युलिनची चाचणी. मग तीन दिवसांनी पुन्हा येऊन सूज मोजायची. ज्यांना सूज नाही, म्हणजे ज्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू अजून शिरलेला नाही, त्यांनाच बीसीजी. प्रत्येक गावाला दोन फेऱ्या आल्या. बाजाराच्या दिवशी पहिली फेरी झाली तर दुसऱ्या फेरीला निम्मी माणसे रानात. शिवाय लस द्रव होती, काही आठवड्यांतच निकामी होई. गिंडीहून बर्फात निघालेली पेटी रेल्वेने, पुढे मोटारीने किंवा बैलगाडीने गावात पोचेपर्यंत तिचे बरेचसे आयुष्य वाटेतच संपे. पुढे वाळवलेली लस आली, चाचणीची अट सुटली, आणि १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानंतर बीसीजी जिल्हा क्षयरोग केंद्रांच्या कामाचा भाग झाली. खेड्यांतल्या लोकांना टोचणे नवे नव्हते. देवीची लस पिढ्यान्पिढ्या चालत आली होती आणि तीही जिवंतच होती. जुन्या माणसांच्या दंडावरचा वण देवीचा की बीसीजीचा, हे आजही पुष्कळदा सांगता येत नाही.

विरोध झाला तो मद्रासेत. चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांनी १९५५ मध्ये बीसीजीच्या सामूहिक मोहिमेविरुद्ध पुस्तिकाच काढली. आक्षेप असा की लसीची परिणामकारकता भारतात सिद्ध झालेली नाही आणि तरीही सरकार लाखो मुलांना जिवंत जंतू टोचते आहे. सरकारने तो विरोध अडाणीपणाचा ठरवून बाजूला सारला. राजाजींची बरीचशी भीती अनाठायी होती; पण त्यांच्या आक्षेपाचा पहिला भाग खरा होता. भारतात पुरावा नव्हताच. तो मिळवण्यासाठी जी चाचणी झाली ती याच विषयातली जगातली सर्वांत मोठी ठरली.

ही चाचणी चेंगलपट्टू जिल्ह्यात, मद्रासच्या पश्चिमेकडच्या भागात झाली. १९६८ ते १९७१ या काळात २०९ गावे आणि एका गावठाणवजा शहरात मिळून अडीच लाखांहून अधिक लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने डॅनिश किंवा पॅरिस वाणाची बीसीजी, कमी वा जास्त मात्रेत, अथवा नुसते निर्जीव द्रावण टोचण्यात आले. कोणाला काय मिळाले हे ना टोचणाऱ्याला ठाऊक, ना टोचून घेणाऱ्याला. दर अडीच वर्षांनी लोकांची छातीच्या क्ष-किरणाने तपासणी, संशयितांचा बेडका घेऊन संवर्धन, आणि मधल्या काळातही पाहणी. साडेसात वर्षांचा निकाल १९७९-८० मध्ये जाहीर झाला तेव्हा सगळे हादरले. लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या लोकांत बेडक्यात जंतू सापडणाऱ्या क्षयाचे प्रमाण सारखेच होते. पंधरा वर्षांचा सविस्तर निकाल १९९९ मध्ये आला, तोही तसाच. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला बीसीजीने काही अटकाव केला नव्हता.

ब्रिटनमध्ये ऐंशी टक्के आणि चेंगलपट्टूत शून्य. या फरकाची कारणे आजही पूर्णपणे ठरलेली नाहीत. सर्वाधिक मान्यता आहे ती या विचाराला: उष्ण प्रदेशातल्या मातीत आणि पाण्यात क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर असतात, लहानपणापासून त्यांच्याशी गाठ पडल्याने शरीर आधीच थोडे सावध झालेले असते, आणि वरून दिलेल्या बीसीजीला फारसे काही करायला उरत नाही किंवा ती लवकर दाबली जाते. शिवाय तिथल्या बहुतेक मोठ्यांना क्षयाचा खरा संसर्ग आधीच झालेला होता. तज्ज्ञांनी निकाल पाहून बीसीजी बंद केली नाही. ती नवजात बाळांकडे वळवली, कारण मेंदूज्वररूपी क्षय आणि साऱ्या शरीरात पसरणारा क्षय यांपासून ती लहान मुलांना वाचवते असे इतरत्रचे पुरावे सांगत होते. १९७८ च्या विस्तारित आणि १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांत ती जन्मानंतरची पहिली लस ठरली. परभणीच्या प्रसूतिगृहात बाळाला बीसीजी का देतात आणि त्याच्या आजोबांना का देत नाहीत, याचे उत्तर चेंगलपट्टूत आहे.

याच भागात नंतर कुष्ठरोगावरच्या लसींची चाचणी झाली आणि तिचा एक धागा मुंबईला पोचतो. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी म्हणतात. त्याच्या मृत रूपाची लस आणि इतर तीन पर्याय मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तपासले गेले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले आणि साध्या बीसीजीने ३४.१ टक्के. क्षयाच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरलेली बीसीजी त्याच प्रदेशात कुष्ठरोगाला मात्र काही अंशी रोखत होती.

जंतू का दुबळा झाला, हे कोडे १९९६ मध्ये सुटले. गोवंशीय क्षयजंतू आणि बीसीजी यांची जनुके शेजारी ठेवून पाहिल्यावर बीसीजीतून एक तुकडा गळून पडल्याचे दिसले. त्या तुकड्याला आरडी-१ नाव आहे. ज्या पेशी जंतूला गिळतात त्यांच्यातून सुटून पळण्याचे जंतूचे साधन याच तुकड्यात असते. बीसीजी गिळली जाते आणि पेशीच्या आतल्या एका बंद पिशवीत अडकून बसते. ती निरुपद्रवी असण्याचे कारण हेच, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिच्याकडून अर्धवटच धडा मिळतो त्याचेही कारण हेच. नव्या जिवंत लसींचा सगळा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

बर्लिनच्या माक्स प्लांक संसर्गजीवशास्त्र संस्थेत स्टेफान काउफमान यांच्या गटाने वेगळाच डाव टाकला. पेशीतली ती पिशवी आंबट होऊ नये म्हणून बीसीजी युरिएज नावाचे विकर वापरून अमोनिया तयार करते. त्या विकराचे जनुक काढून टाकले. त्याऐवजी लिस्टेरिया या जंतूचे एक प्रथिन बसवले, जे आंबट वातावरणात पिशवीला भोके पाडते आणि बाहेरच्या उदासीन वातावरणात पोचताच निष्क्रिय होते. पिशवी झिरपू लागली की जंतूचे अंश पेशीभर पसरतात आणि मारक पेशींपर्यंत पोचतात. पेशीला भोके पाडणारे प्रथिन, पण स्वतःच्या हद्दीबाहेर पाऊल न टाकणारे: जनुकीय अभियांत्रिकीतली ही कल्पना खरोखर देखणी आहे. लसीचे नाव व्हीपीएम १००२. २००८ साली जर्मनीत ती प्रथम माणसांना दिली गेली आणि २०१२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे हक्क घेतले. दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांवरच्या चाचणीत तिने बीसीजीपेक्षा फोड आणि पू कमी आणले. नवजात बालकांसाठीची मोठी चाचणी २०२० पासून आफ्रिकेतल्या पाच देशांत सुरू झाली.

पुण्याकडे हे काम येण्याला कारण होते. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी हडपसरला घोड्यांच्या तबेल्याच्या पार्श्वभूमीवर सीरम उभी केली. सुरुवात धनुर्वातावरच्या प्रतिद्रव्यापासून झाली. स्वस्तात आणि प्रचंड प्रमाणात लस बनवण्याची हातोटी तिने कमावली. क्षयाच्या लसीला नेमके तेच लागते, कारण रोग गरिबांचा आहे आणि श्रीमंत देशांच्या औषध कंपन्यांना त्यात नफा दिसत नाही. २०१७ च्या अखेरीस सीरमने भारतात व्हीपीएम १००२ ची चाचणी सुरू केली ती बऱ्या झालेल्या सुमारे दोन हजार क्षयरुग्णांवर: रोग उलटतो का, हे पाहायला. उपचार पूर्ण झालेल्यांपैकी काहींना क्षय पुन्हा होतो आणि तो पहिल्या वर्षातच अधिक.

मोठी चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतली. जुलै २०१९ ते डिसेंबर २०२० या काळात महाराष्ट्र, दिल्ली, कर्नाटक, तेलंगणा, ओडिशा आणि तमिळनाडू या सहा राज्यांतल्या १८ केंद्रांवर बारा हजारांहून अधिक लोक नोंदवले गेले. हे सगळे नुकत्याच निदान झालेल्या, बेडक्यात जंतू असलेल्या रुग्णांच्या घरातले निरोगी लोक होते, वय सहा वर्षांच्या वर. एका गटाला व्हीपीएम १००२, दुसऱ्याला इम्युव्हॅक, तिसऱ्याला निर्जीव द्रावण. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ लक्ष. इम्युव्हॅक ही मृत जंतूंची लस आहे. तिचा मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी हा जंतू प्राण तलवार यांच्या नावाने ओळखला जातो आणि मूळची ती कुष्ठरोगासाठी होती. जिवंत आणि मृत लस एकाच चाचणीत समोरासमोर, ही मांडणी विरळा म्हणावी लागेल. नोंदणीच्या मध्यावरच करोनाची टाळेबंदी आली.

घरातलेच लोक का निवडले, हे परभणीच्या आकड्यांवरून समजते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. देशात दर लाखामागे वर्षाला साधारण २०० जणांना क्षय होतो असे धरले तर जिल्ह्यात वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास रुग्ण अपेक्षित आहेत. आकडा मोठा वाटतो. पण चाचणीसाठी रस्त्यावरून कोणतीही चार हजार निरोगी माणसे निवडली, तर त्यांच्यात वर्षाला जेमतेम आठ रुग्ण निघतील. आठवरून लस चालली की नाही हे सांगता येत नाही. रुग्णाच्या घरात, एकाच खोलीत, तीच हवा घेणाऱ्यांत हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. म्हणून चाचणीचे पथक रुग्णाच्या पत्त्यावर जाते.

पत्ता मात्र बदलतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ या बालाघाटाच्या कडेच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. परत यायला वसंत उजाडतो. तीन वर्षे दर काही महिन्यांनी भेटायचे वचन घेतलेल्या माणसाला कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, शोधायचे, आणि त्याला खोकला लागला असेल तर तिथेच बेडका गोळा करायचा. चाचणी फसते ती बहुधा अशा हरवलेल्या माणसांमुळे. निदानाची बाजू मात्र गेल्या दशकात सुधारली. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्या केसेस निसटत. आता जनुके ओळखणारी यंत्रे तालुक्याला पोचली आहेत. त्यांतले ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोल्बायो कंपनीचे आहे, बॅटरीवर चालते, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

दुसरी नवी जिवंत लस स्पेनमधून आली. सारागोसा विद्यापीठात कार्लोस मार्तिन यांनी गाईच्या नव्हे, माणसाच्याच क्षयजंतूपासून सुरुवात केली. बीसीजीने गमावलेला आरडी-१ तुकडा त्यात शाबूत ठेवला, म्हणजे शरीराला शत्रूचा पूर्ण चेहरा दिसावा. जंतू लंगडा करण्यासाठी फॉप आणि फॅडडी-२६ ही दोन जनुके काढली. दोन का, याचे उत्तर जंतू पुन्हा उग्र होण्याच्या त्या जुन्या शंकेत आहे: जिनिव्हात ठरलेल्या संकेतानुसार क्षयाच्या जिवंत लसीत परस्परांपासून स्वतंत्र असे किमान दोन कायमचे बदल असले पाहिजेत, म्हणजे एक उलटला तरी दुसरा जंतूला आवरेल. एमटीबीव्हॅक नावाची ही लस २०१२-१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात प्रथम माणसांना दिली गेली. आफ्रिकेतल्या नवजातांवर तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे. आणि २०२४ च्या मार्चमध्ये हैदराबादच्या भारत बायोटेकने स्पॅनिश कंपनी बायोफाब्रीबरोबर भारतातल्या प्रौढांवर चाचण्या सुरू केल्या. या दोन नव्या लसींची भारतातली ठिकाणे पुणे आणि हैदराबाद आहेत. परभणी दोन्हीच्या मधोमध आहे: एकीकडे आजची कामाची वाट, दुसरीकडे जुनी राजधानी.

ज्या वर्षांत परिषदेची लस-चाचणी चालली, त्याच वर्षांत झारखंडमध्ये एक साधी चाचणी झाली. क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला: त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी, आणि बेडक्यातून पसरणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. मोठ्यांच्या बाबतीत एवढा आकडा गाठणारी जिवंत लस अजून कोणी सर्वमान्य रीतीने दाखवलेली नाही. लसीची गरज याने संपत नाही. पण ज्या जिल्ह्यात दुष्काळाच्या वर्षी डाळीचा भाव आधी पोटाला चिमटा काढतो तिथे हा निकाल विसरून चालणार नाही.

मोठ्यांना बीसीजी पुन्हा द्यावी का, हा प्रश्नही मिटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत किशोरवयीनांना पुन्हा बीसीजी दिल्यावर टिकाऊ संसर्ग ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१८ मध्ये दिसले. त्याची खातरजमा करायला झालेल्या मोठ्या चाचणीत २०२५ मध्ये तो परिणाम आढळला नाही. भारताने मात्र २०२४ मध्ये अभ्यास म्हणून प्रौढ बीसीजी सुरू केली आणि महाराष्ट्र त्यात सामील झाला. साठ वर्षांवरील लोक, मधुमेही, धूम्रपान करणारे, खूप कृश माणसे, गेल्या पाच वर्षांत क्षय होऊन गेलेले आणि रुग्णाच्या घरातले लोक अशा निवडक गटांना ती संमतीने देण्याचे ठरले. राज्यांतल्या काही जिल्ह्यांत लस द्यायची, काहींत नाही, आणि पुढच्या वर्षांत दोन्हीकडचा क्षय ताडून पाहायचा अशी त्याची आखणी आहे. लस घेतली तरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकल्यास बेडका तपासावाच लागतो. ती तपासणी आणि पुढचे औषध शासकीय केंद्रांत मोफत आहे.